ईडिपस राजा : नाट्यगत उपरोध
सॉफोक्लीझच्या (इ. स. पू. सु. ४९६–४०६) ह्या ग्रीक शोकात्मिकेत नाट्यगत उपरोध हा केवळ अलंकार नसून संविधानकाचा कणा आहे. पूर्वीचा राजा लेयस ह्याच्या मारेकऱ्याला ईडिपस जाहीर शाप देतो. तो त्यालाच भोवणार, हे प्रेक्षक जाणतो. अंध टायरीसिअसला सत्य दिसते, डोळस राजाला नाही; ते दिसताच तो आपले डोळे फोडून घेतो. भयनिवारणार्थ बोलणारा कॉरिंथचा दूतच त्याच्या जन्मरहस्याचा उलगडा घडवितो. स्थितिविपर्यास व अभिज्ञान ह्यांचा हा संयोग ॲरिस्टॉटलने वाखाणला आहे. तथापि पितृवध व मातृविवाह नाट्यारंभापूर्वीच घडलेले असतात. रंगमंचावर घडतो तो सत्याचा शोध. जोकास्टाने विनवूनही ईडिपस तो सोडत नाही. म्हणूनच तो नियतीच्या हातचे बाहुले न ठरता शोकात्म नायक ठरतो.