एएम आणि एफएम : तुलनेच्या तक्त्याची चिकित्सा

‘एएम व एफएममधील फरक लिहा’ असा प्रश्न आला की तुम्ही पाठ केलेला तक्ता लिहिता: एएमचा पल्ला जास्त, पण गोंगाट जास्त, एफएमचा पल्ला कमी, पण आवाज स्वच्छ. गुणही मिळतात. मात्र या तक्त्यात परिणाम बरोबर असले, तरी त्यांची कारणे चुकीच्या खात्यात मांडलेली असतात.

प्रथम पल्ला घ्या. मध्यम लहरींवरील एएम केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात, तर एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतात. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात आणि रात्री आयनांबरातून परत येऊन शेकडो किलोमीटर गाठतात. एफएमच्या पट्ट्यातील लहरी साधारणपणे दृष्टिरेषेपुरत्याच पोहोचतात. म्हणजे हा फरक वाहक लहरीच्या वारंवारतेचा आहे, मॉड्युलेशनचा नव्हे.

आता स्वच्छ आवाज. ‘लिमिटर आयामातील गोंगाट छाटतो’ हे उत्तर अपुरे आहे, कारण गोंगाटाने लहरीची कलाही बदलते. खरा लाभ मिळतो तो जास्त बँडविड्थ खर्चून. विचलन ७५ आणि ध्वनी १५ किलोहर्ट्झ धरल्यास, कार्सनच्या नियमानुसार:

२ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ

तोच ध्वनी एएमने पाठवायला २ × १५ = ३० किलोहर्ट्झ पुरतात. सहापट जागा देऊन शांतता विकत घेतली जाते. शिवाय संकेत ठरावीक पातळीखाली गेला, की एफएमचा हा लाभ झपाट्याने नाहीसा होतो.

मग एएम टाकाऊ ठरते का? विमानांचे संभाषण पाहा. ते सुमारे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, आजही एएमवर चालते. (इथे एएमचा पल्लाही दृष्टिरेषेपुरताच असतो, हे लक्षात घ्या.) दोन वैमानिक एकाच वेळी बोलले, तर एएम रिसीव्हरवर दोन्ही आवाज मिसळून, बहुधा शिट्टीसह ऐकू येतात; कोणीतरी दुसराही बोलतो आहे हे नियंत्रकाला कळते. एफएममध्ये ‘कॅप्चर इफेक्ट’मुळे प्रबळ संकेत दुर्बळाला दाबून टाकतो. तो दुर्बळ आवाज मदतीची हाक असू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी तक्ता जरूर लिहा, पण प्रत्येक ओळीपुढे विचारा: हा गुण मॉड्युलेशनचा, वाहक वारंवारतेचा, की बँडविड्थचा? आणि ‘श्रेष्ठ कोण’ याआधी ‘कोणत्या कामासाठी’ हे ठरवा.