बीटल्स : मैदान आणि आश्रम

लूमवरची रात्रपाळी सुटली की भिवंडीतला आमचा एक दोस्त बीटल्स ऐकत बसतो. पोरं हसतात. मी हसत नाही. ११ सप्टेंबर १९६४ ला अमेरिकेत जॅक्सनव्हिलच्या मैदानावर हे चौघे गायले, पण आधी ठणकावून : काळ्या माणसांना वेगळं बसवाल तर गाणार नाही. मग सगळे एकत्र बसले. काळ्यांच्याच गाण्यावर वाढलेली लिव्हरपूलची पोरं ती. ऋण विसरली नाहीत.

अन् १९६८ ला हृषीकेशला महर्षींच्या आश्रमात राहून त्यांनी ढीगभर गाणी रचली. त्यांत जातीवर एक ओळ नाही. तिथली पंगत दिसली, इथली का नाही?

दोस्ताला विचारलं. म्हणाला, ‘आश्रमात त्यांना ती दाखवणार कोण?’

हे मात्र खरं.