‘निम्मे रुग्ण’ म्हणजे कुणाचे निम्मे?

पॅलिएटिव्ह केअरवर सिनॉप्सिस लिहायला घेतलात की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: ‘निम्मे रुग्ण वेदनेत मरतात.’ पुढे संदर्भ – सपोर्ट अभ्यास, १९९५. मीही लिहिलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, ‘कुणाचे निम्मे?’ तोवर मी मूळ पेपर उघडलाच नव्हता, हे कबूल करतो.

पेपर ‘जामा’ या जर्नलमध्ये नोव्हेंबर १९९५मध्ये आला. पैसा अमेरिकेतल्या रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनचा, अडीच कोटी डॉलरहून जास्त. पाच टीचिंग हॉस्पिटलं, दोन टप्पे मिळून ९,१०५ गंभीर आजारी रुग्ण. आणि वेदनेबद्दल त्यात लिहिलंय ते असं: जे रुग्ण हॉस्पिटलमध्येच गेले आणि जे शुद्धीवर होते, त्यांतल्या ५० टक्क्यांना निदान अर्धा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असं नातेवाइकांनी सांगितलं. अटी मोजा. घरी जाऊन वारलेले यात नाहीत, बेशुद्ध असलेले नाहीत, आणि बोलतोय तो रुग्ण नाही, नातेवाईक आहे. आपण उद्धृत करताना छेदच गाळून टाकतो.

नातेवाइकांवर विसंबणं चूक आहे असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाला विचारणार कसं? पण माझ्याच मुलाखतींमध्ये एका घरात मुलगी म्हणाली, ‘आई शेवटी फार तळमळली.’ सून म्हणाली, ‘आई शांत गेल्या.’ दोघी त्याच खोलीत होत्या. आता फॉर्मवर कुठला आकडा भरू?

खरी मौज दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिल्या टप्प्यात दिसलं होतं की रुग्णाला सीपीआर नको आहे, हे फक्त ४७ टक्के डॉक्टरांना माहीत होतं. म्हणजे माहिती पोचत नाही, असं निदान झालं. मग ४,८०४ रुग्णांवर प्रयोग: काही डॉक्टरांच्या गटांना रुग्ण किती दिवस जगेल याचे अंदाज दिले, आणि रुग्ण, घरचे नि डॉक्टर यांच्यात बोलणं घडवायला प्रशिक्षित नर्स दिली. बाकीच्यांचं नेहमीसारखं. निकाल? वेदना तितकीच, आयसीयूतले दिवस तितकेच, सीपीआर न देण्याचे आदेशही तितक्याच उशिरा. एवढा पैसा घालून आलेला ‘काहीच बदललं नाही’ हा निकाल लपवला नाही, याबद्दल लेखकांना आणि फाउंडेशनला मानलं पाहिजे.

माझी तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे. यानंतर याच फाउंडेशननं अमेरिकन मेडिकल असोसिएशनला डॉक्टरांसाठी एपेक नावाचा अभ्यासक्रम तयार करायला निधी दिला. सोरोस यांच्या पैशातून १९९४लाच सुरू झालेला ‘प्रोजेक्ट ऑन डेथ इन अमेरिका’ २००३पर्यंत तरुण डॉक्टर-अध्यापकांना फेलोशिप देत राहिला. ही कामं मोठीच आहेत. हा विषय शिकवणारं कुणी नसतं तर तुम्ही-मी यात आलोच नसतो. पण ‘सपोर्टवरून कळलं की शिक्षण हवं’ असं जे लिहिलं जातं, ते सपोर्टमध्ये नाही. तिथं शिक्षण तपासलंच नव्हतं, माहिती पोचवणं तपासलं होतं. लेखकांचा स्वतःचा सूर तर असा, की संवादाची संधी वाढवून भागणार नाही, याहून जोरकस उपाय लागतील. चांगला वर्ग घेतल्यानं रात्री दोन वाजता आयसीयूत निर्णय बदलतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा अभ्यास लागतो.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यूत ‘अमुक अभ्यासावरून अमुक कार्यक्रम निघाला’ असं लिहिताना दोन तारखा शेजारी ठेवून बघा. प्रोजेक्ट ऑन डेथ तर निकालाच्या आधीचा आहे!

माझं पहिल्या पानावरचं वाक्य आता साडेतीन ओळींचं झालंय. गाइड म्हणतात, लांबलं. मी म्हटलं, सर, राहू दे.