भोजकटचा रुक्मी आणि फ्रिशचा अँडोरा

मंडळी, पत्रिकेवर 'तटस्थता : एक चिंतन' असं छापलंय. ते जरा मोठं झालं. आम्हांला आज दोनच गोष्टी शेजारीशेजारी ठेवून वाचायच्या आहेत. एक आहे जर्मन भाषेतलं नाटक, डोंगरातल्या एका काल्पनिक तटस्थ देशाचं. दुसरी आपल्या घरची. परंपरा ज्या गावाला भोजकट म्हणते आणि आपण भातकुली म्हणतो, तिथल्या राजाची.

आधी घरची घेऊ. रुक्मी म्हणजे कौंडिण्यपूरच्या भीष्मकाचा मुलगा, रुक्मिणीचा भाऊ. आपल्याकडे तो कीर्तनातला खलनायक. नरेंद्राचं असो की एकनाथांचं असो, 'रुक्मिणीस्वयंवर' लग्न लागलं की आटोपतं, आणि रुक्मी अर्धवट भादरलेल्या डोक्यानं हास्यास्पद होऊन बाजूला होतो. पण कथा तिथं संपत नाही. बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती फसली, म्हणून त्यानं भोजकट वसवलं. लाजेपोटी वसलेली राजधानी, असं म्हणा हवं तर. (भोजकट हे नाव नुसतं पुराणातलं नाही बरं का. अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेल्या वाकाटक प्रवरसेनाच्या ताम्रपटात 'भोजकट-राज्य' आहे.)

आता उद्योगपर्व. युद्ध ठरलंय. रुक्मी एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांच्या छावणीत येतो आणि अर्जुनाला म्हणतो, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुन हसतो. खांडववनात लढलो, गंधर्वांशी लढलो, विराटाकडे एकटा लढलो, तेव्हा कोण होतं सोबत? राहायचं तर राहा, जायचं तर जा. रुक्मी तसाच उठून दुर्योधनाकडे जातो आणि तेच बोलतो. तोही नाकारतो. मग महाभारत नोंद करतं की या युद्धातून दोघे बाजूला राहिले : बलराम आणि रुक्मी.

एकाच वाक्यात दोघं बसवलेत, पण त्यांच्यात केवढं अंतर आहे! बलरामाला दोन्हीकडे नाती आहेत. भीम शिष्य, दुर्योधनही शिष्य. तो निवड करतो आणि सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेला निघून जातो. रुक्मीला दोन्हीकडून 'तू नको' असं सांगितलं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही तटस्थच दिसतात.

कौटिल्यानं इथं एक शब्द फार नेमका वापरलाय : उदासीन. त्याच्या मंडलात लागून असलेला राजा शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र. हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला समजावावं लागत नाही, धुऱ्याची भांडणं कुणाशी होतात ते त्याला ठाऊक आहे. पण उदासीन कोण? जो या सगळ्यांहून बलवान आहे, मनात आलं तर कुणालाही मदत करू शकतो आणि कुणालाही दाबू शकतो, तो. म्हणजे कौटिल्याच्या लेखी उदासीन असायला ताकद लागते. आपण 'आपल्याले काय कराचं हाये' म्हणून दार लावून घेतो, त्याला कौटिल्यानं हा शब्द दिला नसता.

फ्रिशचा अँडोरा नेमका अशा दार लावून घेणाऱ्यांचा देश आहे. माक्स फ्रिश स्वित्झर्लंडचे. 'अँडोरा'चा पहिला प्रयोग १९६१ साली झुरिकला झाला. फ्रान्स आणि स्पेनमधल्या खऱ्या अँडोराशी याचा संबंध नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. देश लहान, गरीब, देवभोळा. नाटक उघडतं तेव्हा एक मुलगी सणासाठी भिंतींना चुना लावतेय. सीमेपलीकडे 'काळे' राहतात. ते बलाढ्य आहेत आणि यहुद्यांचा छळ करतात. अँडोरातला डॉक्टर सांगतो की जगात आपल्याइतकं लोकप्रिय कुणी नाही, आपल्यावर हल्ला करायला कोण धजेल!

या गावातल्या मास्तराला सीमेपलीकडच्या एका बाईपासून मुलगा झालेला असतो. ते सांगायची हिंमत नाही, म्हणून तो म्हणतो, हे यहुदी पोर मी काळ्यांच्या तावडीतून वाचवलं. गाव त्याचं कौतुक करतं. पोरगा आंद्री मोठा होतो. त्याला सुतार व्हायचंय, पण सुतार त्याला विक्रीवर बसवतो, कारण पैसा हे तुमच्या रक्तातच असतं ना! हळूहळू आंद्रीच ते खरं मानू लागतो, आणि शेवटी सत्य सांगितलं तरी त्याचा विश्वास बसत नाही. काळे येतात. कुणीही लढत नाही. भर चौकात यहुदी शोधायची तपासणी होते आणि आंद्रीला नेतात. प्रवेशांच्या मधेमधे एकेक गावकरी साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सांगून जातो : माझा दोष नव्हता. एक पाद्री तेवढा कबूल करतो.

प्रेक्षकांना हे कुठं लागलं असेल ते उघड आहे. १९३८ मध्ये जर्मन यहुद्यांच्या पासपोर्टावर 'जे' अक्षराचा शिक्का आला, तो जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या बोलणीतून. ऑगस्ट १९४२ मध्ये सीमा बंद करून निर्वासितांना परत पाठवलं गेलं. हेही तटस्थ राहूनच झालं.

तरीही या नाटकाशी आमचं एक भांडण आहे. आंद्री यहुदी नव्हताच, हा नाटकाचा कणा आहे. त्यानं प्रेक्षक हळहळतो, पण कशासाठी? 'अरेरे, चुकीच्या माणसाला नेलं' म्हणून! म्हणजे तो खरोखर यहुदी असता तर नेणं बरोबर ठरलं असतं काय? फ्रिशना असं म्हणायचं नाही, हे आम्हांला दिसतं. यहुदी ही या गावानं रचलेली प्रतिमा आहे, हे त्यांना दाखवायचंय. पण रचनेनं पळवाट ठेवली ती ठेवलीच. शिवाय काळ्यांना चेहराच नाही. शेजारी एवढा सरसकट दुष्ट असला की आपलं त्याच्याशी नेमकं काय चाललं होतं, हा प्रश्न मागे पडतो.

नाटकाची खरी ताकद आम्हांला मास्तराच्या खोट्यात दिसते. तो लपवतो ते शेजाऱ्याशी असलेलं नातं. त्या देशाचा शुभ्रपणा असल्या लपवण्यांवरच उभा आहे. आणि मुलाची आई सीमा ओलांडून त्याला भेटायला येते, तेव्हा तिला दगड मारून ठार करतात. तटस्थ देशाला जे माणूस सर्वांत जड जातं, ते दोन्हीकडचं असतं.

इथून पुन्हा भोजकटला येऊ. भागवताच्या दहाव्या स्कंधात रुक्मीच्या नातीचं लग्न कृष्णाच्या नातवाशी, अनिरुद्धाशी, लागतं, तेही भोजकटलाच. (युद्धाच्या आधी की नंतर, हा हिशेब दोन ग्रंथांत जुळवत बसू नये.) वैर मनात ठेवूनही, बहिणीला बरं वाटावं म्हणून रुक्मीनं ही सोयरीक केली. लग्नानंतर कलिंगराजाच्या चिथावणीनं द्यूत मांडलं गेलं. डाव बलरामानं जिंकला, रुक्मी म्हणाला मीच जिंकलो, वर गवळी म्हणून हिणवलं. बलरामानं परिघ उचलला आणि भर मांडवात त्याला ठार केलं. रुक्मिणीहरणाच्या वेळी बांधलेल्या रुक्मीला सोडवणारा आणि त्याला विद्रूप केलं म्हणून कृष्णाला बोल लावणारा बलराम, तो हाच. महायुद्धातून बाजूला राहिलेले दोघे असे आपल्या गावात सोंगट्यांवरून भिडले.

आणि कृष्ण? भागवतकार सांगतात, मेहुणा मेला तरी तो बरंही बोलला नाही, वाईटही बोलला नाही. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बायको. कुणाचाच स्नेह तुटू नये म्हणून. टीकाकार याला व्यवहारचातुर्य म्हणतील. आम्हांला ते मौन पटत नाही. दोघांचा स्नेह राखायचा म्हणून तो गप्प बसला, पण त्या दोघांपैकी भाऊ गमावला तो एकीनंच.

रुक्मिणी त्या वेळी भोजकटातच होती. तिच्या पत्रावर आपल्या कवींनी शेकडो ओव्या लिहिल्या. या प्रसंगी ती काय बोलली, हे भागवतात नाही आणि आमच्या वाचनात कुणा मराठी कवीनंही विचारलेलं नाही. फ्रिशनं त्या आईला निदान रंगमंचावर आणलं, मुलाच्या हातात अंगठी द्यायला लावली. भातकुलीत कुणी लिहिणारं असेल तर हा प्रसंग मोकळा पडलाय.

प्रश्न असतील तर आता घेऊ.