पायाखालची प्रतिमा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका सेवानिवृत्त गुरुजींनी आमच्या कपाटातून वाचावयास नेलेले एक पुस्तक आठ दिवसांतच परत आणून दिले. पुस्तकाला त्यांनी तपकिरी कागदाचे वेष्टन घातले होते. ते म्हणाले, "फादर, पुस्तक वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण आमच्या घरी आल्ताराशेजारी संत गोन्सालोंची तसबीर आहे. तिच्याखालच्या फळीवर हे ठेवणे मला काही जमले नाही." पुस्तक होते जपानी कादंबरीकार शुसाकु एन्दो यांचे 'सायलेन्स'. त्या वेळी आम्ही गुरुजींना उत्तर दिले नाही, कारण त्यांची अडचण आम्हांला खरी वाटली. अलीकडच्या वाचनाविषयी या पानांतून काही लिहावे असे ठरविले, तेव्हा गुरुजींचे हे देणे आधी फेडावे असे मनात आले.

ही कादंबरी १९६६ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झाली आणि तिला तानिझाकी पारितोषिक मिळाले. टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील येशूसंघीय फादर विल्यम जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर केले. आमच्याकडे आहे ते हेच. एन्दो (१९२३-१९९६) हे स्वतः कॅथलिक. आईच्या इच्छेवरून बालपणी त्यांचा स्नानसंस्कार झाला. हा धर्म म्हणजे आईने आपल्या अंगावर चढविलेला परदेशी पोशाख होता, तो आपल्या मापाचा करून घेण्यातच आपले लेखन खर्ची पडले, अशा अर्थाचे ते नेहमी बोलत.

गुरुजींची अडचण समजावयाची तर इतिहासाचा एक धागा हाती घ्यावा लागतो. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, येथेच येशूसंघीयांकडे शिकले, किशोरवयात जपानला गेले, व्यापारात शिरले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषा अवगत असल्यामुळे हिदेयोशीच्या भेटीस गेलेल्या फ्रान्सिस्कनांचे ते दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. गासच्या चर्चला आणि वसईच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि आमच्या कित्येक घरांत त्यांची तसबीर आहे. एन्दोंची कादंबरी घडते ती त्याच भूमीत, सुमारे चाळीस वर्षांनंतर. मात्र तिचा नायक क्रुसावर चढत नाही. तो ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो.

१६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. १६३३ मध्ये येशूसंघाचे तेथील एक ज्येष्ठ धर्मगुरू क्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी खड्ड्यावर उलटे टांगले गेल्यानंतर काही तासांतच धर्मत्याग केला. ही इतिहासातील नोंद आहे. गुरूंविषयीची ही वार्ता खरी की खोटी, हे पाहण्यासाठी त्यांचे दोन तरुण शिष्य गुप्तपणे जपानच्या किनाऱ्यावर उतरतात, येथून कथा सुरू होते. त्यांतील फादर रॉड्रिग्ज पकडला जातो. कोठडीत रात्री त्याला घोरण्याचा आवाज येतो. पहारेकरी घोरतो आहे, असे समजून तो मनाशी हसतो आणि चिडतो. नंतर फेरेराच त्याला सांगतात की, ते घोरणे नव्हे, ते खड्ड्यांवर टांगलेल्या भाविकांचे कण्हणे आहे. त्या भाविकांनी केव्हाच धर्म नाकारला आहे, पण धर्मगुरू नाकारीत नाही तोवर त्यांची सुटका नाही. पहाटे रॉड्रिग्ज प्रतिमेवर, म्हणजे 'फुमिए'वर, पाय ठेवतो. दूर कोंबडा आरवतो.

सेमिनरीत असताना आम्ही ही कादंबरी प्रथम वाचली. त्या पानाच्या समासात आम्ही तेव्हा पेन्सिलीने 'भित्रा' असा शब्द लिहिला होता आणि पुस्तक बंद केले होते. तो शब्द आजही तेथे आहे, गुरुजींनीही तो वाचला असणार. वयाच्या पन्नाशीनंतर पुन्हा वाचताना आम्ही रॉड्रिग्जपाशी थांबलोच नाही, थांबलो ते किचिजिरोपाशी. हा किचिजिरो दारूडा, लाचार आणि भ्याड आहे. घरचे सारे ख्रिस्तासाठी जळून मेले आणि हा तेवढा प्रतिमेवर पाय ठेवून सुटला. तो रॉड्रिग्जला पकडून देतो, चांदीचे मोल घेतो आणि पुन्हा पापनिवेदनासाठी त्याच्याच मागे रडत येतो, एकदा नव्हे, वारंवार. रॉड्रिग्जला त्याची किळस येते, क्षमेचे शब्द ओठांवर येतात पण मनात उतरत नाहीत. तीच कबुली पुन्हा पुन्हा ऐकताना पापनिवेदन ऐकणाऱ्याच्या मनात जो कंटाळा दबक्या पावलांनी शिरतो, तो एन्दोंनी नेमका पकडला आहे. येथे आम्ही कोणा माणसाविषयी बोलत नाही, स्वतःच्या मनाविषयी बोलतो आहोत. तीस वर्षांपूर्वी हे प्रकरण आम्हांला लांबलेले वाटले होते. आता वाटते की, पाय प्रतिमेवर पडण्याआधीच रॉड्रिग्ज किचिजिरोच्या बाबतीत अडखळलेला आहे, आणि प्रतिमा तुडविल्यानंतरच त्याला त्या माणसाचे पापनिवेदन खऱ्या अर्थाने ऐकता येते.

आणखी एक पात्र आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहावे, ते म्हणजे कोठडीत रॉड्रिग्जशी बोलणारा दुभाषी. हा स्वतः स्नानसंस्कार झालेला आणि मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला. फादर काब्राल यांनी जपानी लोकांना, त्यांच्या भाषेला आणि अन्नाला तुच्छ लेखले, हा सल त्याच्या मनातून गेलेला नाही. काब्राल हे तेथील मिशनचे एकेकाळचे खरेखुरे प्रमुख. म्हणजे एक दुभाषी वसईचा, जो त्या भाषेत प्रेमाने शिरला आणि क्रुसावर गेला, तर दुसरा कादंबरीतला, ज्याची भाषा कोणी प्रेमाने शिकलीच नाही आणि जो छळणाऱ्यांच्या बाजूला गेला. आपापल्या धर्मग्रामांत आपण कोणाच्या बोलीला हसतो, हा विचार ते पान वाचताना आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. मोकिची आणि इचिझो या दोन गरीब गावकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधून भरती-ओहोटीच्या हवाली केले जाते, त्यांचे मरण फार प्रभावी उतरले आहे. पण त्यांना मरणापर्यंत नेणारे बळ आले कोठून, हे लेखक आपल्याला आतून दाखवीत नाही. दुबळ्यांचे मन एन्दो पानोपानी उलगडतात, बळकटांचे मात्र दुरून, किनाऱ्यावरून पाहतात. गोन्सालोंच्या गावच्या वाचकाला ही त्रुटी खटकणारच, आणि ती खटकावी. प्रतिमेतून ख्रिस्त "पाय ठेव" असे म्हणतो, या प्रसंगावर जपानमधील कॅथलिकांनीही कठोर टीका केली. आमचे मत असे की, तो आवाज रॉड्रिग्जच्या कानांनी ऐकलेला आहे, लेखकाने त्याची साक्ष दिलेली नाही, आणि कोंबड्याचे आरवणे लेखकाने विसरू दिलेले नाही. धर्मत्यागाला परवाना देणारे हे पुस्तक नव्हे. पेत्राने नाकारले, हेही शुभवर्तमानातच लिहिलेले आहे.

पुस्तकाच्या शेवटी एका अधिकाऱ्याची रोजनिशी जोडली आहे. तीत कोरड्या सरकारी नोंदी असल्यामुळे बहुतेक वाचक ती चाळून सोडून देतात. आम्हीही पहिल्या वेळी सोडली होती. खरा शेवट तेथे आहे. जपानी नाव दिलेल्या त्या धर्मगुरूकडून अनेक वर्षांनी पुन्हा धर्मत्यागाचे पत्र लिहून घेतले जाते. ज्याने एकदा त्याग केला, त्याच्याकडून ते पुन्हा का घ्यावे लागले? किचिजिरोजवळ संतांच्या प्रतिमा असलेला ताईत सापडतो, अशीही एक नोंद आहे. एन्दो एवढेच सांगतात. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटात मृत धर्मगुरूच्या मुठीत लहानसा क्रूस दाखविला आहे. चित्रपट उत्तम आहे, पण लेखकाने वाचकाच्या विश्वासावर सोडलेली गोष्ट त्याने हातात काढून दिली, असे आम्हांला वाटले.

याच ओघात आणखी दोन पुस्तके पुन्हा वाचली. ग्रॅहॅम ग्रीन यांची 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) ही मेक्सिकोतील छळाच्या काळातील एका दारूच्या आहारी गेलेल्या धर्मगुरूची कथा. रोमच्या होली ऑफिसने तिच्यावर आक्षेप घेतला होता. पुढे पोप सहावे पॉल यांनी आपल्याला तो आक्षेप मनावर न घेण्यास सांगितले, असे ग्रीन यांनीच लिहून ठेवले आहे. ज्यांना 'सायलेन्स' जड वाटेल त्यांनी येथून आरंभ करावा, कथानक वेगवान आहे. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) ज्या घरात नाहीत, त्या घराने आधी ती आणावीत. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा मोडलेला संसार आणि पाच वर्षांनी स्वतः घेतलेला निर्णय या बाईंनी चुलीपाशी बसून सांगावे तसे सांगितले आहेत. श्रद्धेपर्यंतची वाट इतक्या प्रांजळपणे सांगणारे दुसरे मराठी पुस्तक आम्हांला माहीत नाही. त्या प्रोटेस्टंट होत्या म्हणून आपल्यापैकी काहींनी ते वाचले नाही, हे मात्र आपलेच नुकसान.

आता गुरुजींना उत्तर. १८६५ च्या मार्च महिन्यात नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले आणि फ्रेंच धर्मगुरू फादर पेटिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की, आमचे आणि आपले अंतःकरण एकच आहे. अडीचशे वर्षांच्या बंदीनंतर त्यांनी पवित्र मातेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. हे लोक कोणाचे वंशज? नागासाकीत वर्षारंभी घरटी प्रतिमा तुडवून घेतली जाई. त्यांच्या पूर्वजांनी ती तुडविली, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली आणि मुलांना पाण्याने स्नानसंस्कार दिला. जे क्रुसावर गेले त्यांच्या रक्तावर त्या ख्रिस्तसभेचा पाया आहे, हे खरेच. पण घर उभे राहिले ते ज्यांनी पाय ठेवला आणि रात्री जागून डोळे पुसले त्यांच्यामुळे. गोन्सालोंना हे लोक परके वाटले असते, असे आम्हांला वाटत नाही. या माणसांसाठीच तर त्यांनी ती भाषा शिकली होती.

तेव्हा गुरुजी, तसबिरीखालच्या फळीवर हे पुस्तक ठेवावयास आमची हरकत नाही. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना मात्र ते आताच देऊ नये, त्यांना आधी गोन्सालोंचे चरित्र वाचू द्यावे. पुस्तक आमच्या कपाटात आहे, वेष्टन तसेच ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर न्यावे आणि शेवटची रोजनिशी वाचल्यावाचून परत आणू नये.