2030 चं उद्दिष्ट ठीक, पण गिऱ्हाईक कुठे आहे?

संशोधनाचा विषय शोधताना युरोपियन कमिशनचं मार्च 2022 चं टेक्स्टाइल धोरण तुमच्या वाचनात येईलच. 2030 पर्यंत बाजारात येणारं कापड टिकाऊ आणि बऱ्याच अंशी रिसायकल केलेल्या तंतूंचं असावं, हे त्याचं उद्दिष्ट. डिझाइनपासून कचऱ्यापर्यंत सगळ्याचा विचार त्यात आहे, ही जमेची बाजू. पण हा तंतू विकत कोण घेणार? इथे धोरण लंगडं पडतं.

स्वीडनच्या रिन्यूसेलचंच बघा. जुन्या सुती कपड्यांपासून सेल्युलोजचा लगदा करायचा आणि त्यातून व्हिस्कोस बनवायचं, ही कल्पना. केमिस्ट्री जमली, 2022 मध्ये सुंड्सवॉलला मोठा कारखानाही सुरू झाला. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीत! ब्रँड कौतुक करत होते, पण लगदा घेतात तंतू बनवणाऱ्या कंपन्या. तिथून पुरेशा ऑर्डरी आल्याच नाहीत. म्हणजे अडलं ते प्रयोगशाळेत नाही, मधल्या साखळीत.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात यील्ड आणि तंतूची ताकद यांच्या शेजारी एक रकाना वाढवा: 'पुढचा खरेदीदार कोण?' बहुतेक पेपरांपुढे तो रिकामाच राहिला, तर तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच शोधा.