ओळखायचे, पण कशावरून?

मुलांसाठी कोड्यांची पुस्तके मराठीत भरपूर निघतात. ग्रंथप्रदर्शनात, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, बक्षीस समारंभासाठी शाळेने मागवलेल्या गठ्ठ्यात ती हमखास सापडतात: पातळ, रंगीत मुखपृष्ठाची, शेवटच्या पानावर उत्तरे उलटी छापलेली. त्यातली चार कोडी पहिली-दुसरीच्या मुलांना घालून पाहावीत. बहुतेक कोडी म्हणजे यमक जुळवून लिहिलेले सामान्यज्ञानाचे प्रश्न निघतात. उत्तर ठाऊक असेल तर मूल ते झटकन सांगते. ठाऊक नसेल तर कितीही डोके खाजवून उपयोग नसतो. विचार करत करत उत्तरापाशी पोचण्याची वाट त्यात ठेवलेलीच नसते. ती वाट आखणे हीच कोडे रचणाऱ्याची कला, आणि आपल्या बालसाहित्यात सध्या तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष आहे.

अमेरिकी अभ्यासक आर्चर टेलर यांनी १९५१ साली इंग्रजी मौखिक कोड्यांचा मोठा संग्रह काढला. खऱ्या कोड्याची त्यांची ओळख सोपी आहे: एका वस्तूचे वर्णन भलत्याच वस्तूच्या रूपाने करायचे. आपली जुनी घरगुती कोडी या कसोटीला पुरेपूर उतरतात. त्यांत अंडे हे भांडे होते आणि बलक त्यात शिजलेले अन्न. दात रांगेने बसतात आणि जीभ त्यांच्यात एकटी राबते. या कोड्यांत मुलाला सगळे ओळखीचेच दिलेले असते, फक्त जागा बदलून. उत्तर कळल्यावर पोर हसते, कारण अंडे त्याने शंभरदा पाहिलेले असते आणि असे कधीच पाहिलेले नसते.

आता नव्या पुस्तकांतली मोबाइलवरची कोडी पाहा. त्यांचा साचा ठरलेला: मी बोलतो, मी गाणी ऐकवतो, मी फोटो काढतो, ओळखा पाहू मी कोण? यात झाकलेले काहीच नाही. वस्तूच्या कामांची यादी दिली आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकले, एवढेच. विषय नवा असल्यामुळे कोडे फसले असे मला वाटत नाही. नव्या वस्तूही झाकता येतात. ‘जेवताना भिंतीला धरून बसतो, जेवून उठला की दिवसभर बडबडतो’ असे म्हटले, तर मुले आधी घरातल्या माणसांची नावे घेतील, मग भिंतीकडे बघतील, आणि कुणाला तरी चार्जर दिसेल. ‘मी कोण’चा साचा सोडून वस्तूची चिमुकली गोष्ट सांगितली की लपायला जागा मिळते.

जुन्या कोड्यांचीही एक अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. जाते, मोट, उखळ, कंदील ही उत्तरे आजच्या मुलाच्या घरात नाहीत. संग्रहकार ती कोडी जशीच्या तशी छापतात आणि वारसा जपल्याचे समाधान मानतात. मुलाच्या दृष्टीने मात्र मोटेचे कोडे हे पुन्हा सामान्यज्ञानच झाले. अशी कोडी आजी-आजोबांनी घालावीत, उत्तरासोबत मोट कशी चालायची तेही सांगावे. पुस्तकात निदान एक चित्र तरी द्यावे.

शब्दखेळांत मराठीचे बळ वेगळ्याच ठिकाणी आहे. आपण लिहितो ते अक्षराअक्षराने, आणि मूलही शब्द तसाच तोडते. म्हणून एकेक अक्षर गाळण्याची कोडी मराठीत इतकी खुलतात. ‘अख्खे पाण्यात, पहिले अक्षर काढले तर आंब्यात, शेवटचे काढले तर न्हाणीघरातल्या बादलीपाशी.’ उत्तर मगर. मग उरतात गर आणि मग. मधले अक्षर काढले तर ‘मर’ उरते, म्हणजे तिन्ही बाजूंनी शब्द पक्का. ‘भाकर’ही अशीच तिन्ही बाजूंनी तुटते: कर, भार, भाक. पण ‘भाक’ आजच्या आठ वर्षांच्या मुलाला बहुधा माहीत नसतो. रचणाऱ्याने इथे थांबून ठरवायला हवे, की हा शब्द मुलाला नव्याने द्यायचा आहे की त्याच्यावर अडकवून ठेवायचे आहे. द्यायचा असेल तर भाक देणाऱ्या माणसाचा एक इशारा कोड्यातच पेरता येतो. पुस्तके असा विचार करताना फारशी दिसत नाहीत.

उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्ये याच अक्षरबळावर उभी आहेत. ‘चिमा काय कामाची’, ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’ ही कुणी रचली ते विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही, इतकी ती सगळ्यांची झाली आहेत. पण पुस्तके अजून त्याच पाच-सहा वाक्यांवर भागवतात. मुलांना अक्षरांची चिठ्ठ्या-कार्डे देऊन नवी वाक्ये करायला लावणारे पान मला क्वचितच दिसते.

काही कोडी तर कानाचीच असतात. ‘पोटात अर्धा असून पूर्ण जिल्हा कोणता?’ हे मोठ्याने विचारा. वर्धा म्हणताना ‘अर्धा’ स्वच्छ ऐकू येतो. कागदावर मात्र त्यातला ‘अ’ कुठेच दिसत नाही. कोडी छापताना कोणती ऐकायची आणि कोणती पाहायची याचा निवाडा संपादकाने करायला हवा. तो केला नाही की चांगले कोडेही पानावर मरते.

खरी पडझड भाषांतरात आहे. सुईला डोळा आहे पण दिसत नाही, हे कोडे मराठी पुस्तकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत सर्रास सापडते. मराठीत सुईला नेढे असते, नाक असते. डोळा इंग्रजीत असतो. मुलाला ते कोडे कळत नाही, आणि दोष मुलाच्या बुद्धीला लागतो याचे मला फार वाईट वाटते. सुईच्या नाकाचा आधार घेतला तर कोडे आपल्याच अंगणात तयार आहे: ‘नाकात वेसण घातली की कामाला लागते, पण बैल नाही.’ हिंदीतून येणाऱ्या ‘असा कोणता’ छापाच्या प्रश्नांचे तसे नाही. तो साचा मुलांनी उचलला आहे आणि त्यात मराठी माल छान बसतो. ‘पायात घालायची पुरी कोणती?’ कोल्हापुरी. ‘शाळेत येते ती आणि येतात ते, दोघांचे नाव एकच.’ पावसाची सर आणि गणिताचे सर. शब्दाच्या दोन अर्थांवरचे असे कोडे शब्दकोशाचे काम खेळता खेळता करून टाकते.

मुले हे सारे आपल्या परीने करतच असतात, याचा सगळ्यांत ठसठशीत पुरावा म्हणजे ‘च’ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे च लावायचा. ‘तुला काय हवे’चे होते ‘चलातु चयका चवेह’. तिसरी-चौथीतल्या मुली हे इतक्या वेगाने बोलतात की मोठ्या माणसाला पत्ता लागत नाही. अक्षरे तोडणे, जागा बदलणे, ऐकताना पुन्हा जोडणे हे सगळे डोक्यात, एका श्वासात! संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, सोळा प्रकार सांगितले आणि तिचा एक उपयोग असा दिला, की गर्दीतही जाणकारांना आपसात गुप्त बोलता येते. मधल्या सुट्टीत नेमके तेच चालू असते. शाळा मात्र त्या बोलण्याला गोंगाट समजते.

मासिकांनी या बाबतीत पुस्तकांपेक्षा चांगले काम केले आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. शब्दखेळांची पाने कशी बदलत गेली ते कुणालाही पडताळता येईल. ‘वयम्’ आणि ‘चिकूपिकू’ मुलांना मेहनतीने बोलते करतात. भोपाळहून निघणाऱ्या हिंदी ‘चकमक’ने ‘माथापच्ची’च्या पानातून जी सातत्याची शिस्त दाखवली, ती मात्र आपल्याकडे अजून हवी आहे. आणि उंचीचे माप म्हणून विंदा करंदीकरांकडे जावेच लागते. ‘राणीची बाग’ १९६१ साली आली, ‘एटू लोकांचा देश’ त्यानंतर. तर्क उलटा धरूनही शब्द कसा चोख ठेवायचा, हे त्यांत शिकण्यासारखे आहे. त्यांच्यानंतर लय घेणारे पुष्कळ झाले, तर्काची ती उलथापालथ फार थोड्यांनी घेतली.

शब्दखेळांचे सर्वांत मोठे नुकसान परीक्षेने केले. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीत कोडे ‘बुद्धिमत्ता चाचणी’त गेले आणि त्याच्यापुढे चार पर्याय आले. पर्याय दिले की मूल कोड्याकडे बघतच नाही, उत्तरांकडे बघते. चुकीचे पण सुंदर उत्तर देण्याची सोयही संपते. एखादे मूल मोबाइलच्या कोड्याला ‘आजोबा’ म्हणाले, तर ते उत्तर ऐकण्यासारखे असते, आणि चांगला शिक्षक त्यावर आधी ‘का?’ विचारतो.

भोंडल्यात खिरापत ओळखण्याचा खेळ अजून टिकून आहे, तो याच मोकळेपणामुळे. झाकलेला डबा हलवून दाखवायचा. मुली विचारणार गोड की तिखट, ओली की कोरडी. आवाजावरून एकीने चिवडा म्हणायचे, दुसरीने शेंगदाण्याचे लाडू. ओळखता आली नाही तर ज्या घरची खिरापत त्या घरची ऐट. इथे प्रश्न मुली स्वतः घडवतात.

सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने गावोगावची ओव्या-गाणी जमवली. ते काम फार मोलाचे आहे. पण त्यांतले बोलणे मुख्यतः मोठ्या बायामाणसांचे. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी यांनी सुमारे ५,००० शाळकरी मुलांकडून त्यांचीच कोडी, चिडवाचिडवी, मोजणीची गाणी गोळा केली आणि १९५९ साली पुस्तक काढले. तसे काम मराठीत जिल्हा परिषदेच्या शाळांतून आजही होऊ शकते. पावरी, कोरकू, गोंडी घरी बोलणारी मुले वर्गात मराठी कोडे कसे वाकवतात, शहरातली इंग्रजी माध्यमाची मुले ‘टी’ आणि चहा एकत्र करून काय विनोद करतात, हे सारे त्यात यायला हवे. दप्तराविना शाळेच्या एखाद्या शनिवारी शिक्षकाने एक वही ठेवावी आणि कोडे कुणी घातले, कुणी सोडवले, आणि चुकीची उत्तरे कोणकोणती आली, तेही लिहून घ्यावे.